दुहेरीची सानिया

फेब्रुवारी २०२३ च्या मध्याला रॉयल चॅलेंजर्स बंगळूरने आपल्या महिला क्रिकेट संघाची मार्गदर्शक म्हणून सानिया मिर्झाचं नाव जाहीर केलं, तेव्हा थोडी थट्टा होणारच होती. टेनिसवालीचं क्रिकेटमध्ये काय काम? नवरा क्रिकेटपटू, नात्यात भारताचे माजी कर्णधार गुलाम अहमद, एवढ्या भांडवलावर कोणी मार्गदर्शक होतं का? खुद्द सानियालाही या बोलावण्याचं नवल वाटलं होतं आणि ते तिने लपवलं नाही. क्रिकेटचं तंत्र शिकवायला प्रशिक्षक आहेत, आपण बोलणार ते दडपणाबद्दल, असा तिचा एकूण सूर होता.

त्या महिन्याच्या तारखा पाहिल्या तर दम लागतो. १३ फेब्रुवारीला मुंबईत वुमेन्स प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला आणि बंगळूरने स्मृती मानधनावर ३ कोटी ४० लाखांची बोली लावली, साऱ्या लिलावातली सर्वांत मोठी. २१ फेब्रुवारीला सानिया दुबईत शेवटचा व्यावसायिक सामना खेळली. अमेरिकेची मॅडिसन कीज जोडीला होती. ४-६, ०-६ असा साधासरळ पराभव झाला. ५ मार्चला हैदराबादच्या लालबहादूर टेनिस स्टेडियमवर निरोपाचे प्रदर्शनी सामने झाले. आणि त्याच दिवशी इकडे ब्रेबॉर्नवर बंगळूरच्या मुली आपला पहिला सामना ६० धावांनी हरत होत्या. वीस वर्षांची कारकीर्द गुंडाळून माणूस दोन महिने तरी स्वस्थ बसतो. हिला दुसऱ्या कामावर रुजू व्हायला आठवडाही मिळाला नाही.

ती पहिली स्पर्धा दोनच मैदानांवर झाली: चर्चगेटचं ब्रेबॉर्न आणि सायन-पनवेल महामार्गाला लागून असलेलं नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. बायका-मुलींना प्रवेश फुकट होता. बंगळूरचा संघ मात्र ओळीने पाच सामने हरला, त्यातला पाचवा नेरूळमध्ये. १५ मार्चला नेरूळमध्येच पहिला विजय मिळाला, तो कनिका अहुजाच्या ३० चेंडूंतल्या ४६ धावांमुळे. त्याचं श्रेय मार्गदर्शिकेला देण्यात अर्थ नाही, जसं आधीच्या पाच पराभवांचं खापरही तिच्यावर फोडण्यात नाही. मार्गदर्शकाचं काम धावफलकावर दिसत नसतं.

खरी गंमत स्मृती आणि सानिया या जोडीत होती. दोघींचा जन्म मुंबईचा; एक वाढली सांगलीत, दुसरी हैदराबादेत. स्मृतीच्या कपाळावर देशातल्या सर्वांत महागड्या महिला क्रिकेटपटूचा शिक्का बसला होता आणि त्या मोसमात तिची बॅट बोलायलाच तयार नव्हती. आठ डावांत एक अर्धशतकही नाही. किंमत आधी ठरली, धावा यायच्या होत्या. ही अवस्था काय असते हे सांगणारी बाई भारतात शोधायची तर सानियाच्या दारात जावं लागणार. तिला इथे बोलावलं गेलं ते तिच्या चषकांपेक्षा तिला अठराव्या वर्षी मिळालेल्या लोकप्रियतेमुळे. आणि त्या चषकांची नि त्या लोकप्रियतेची गाठ कधी नीट पडलीच नाही.

२००५ हे वर्ष आठवून पाहावं. जानेवारीत मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत अठरा वर्षांची सानिया सेरेना विल्यम्ससमोर उभी राहिली आणि १-६, ४-६ अशी हरली. हरली, पण दुसऱ्या सेटमधले ते चार गेम देशाने विजयासारखे साजरे केले. १२ फेब्रुवारीला हैदराबादेत अल्योना बोंडारेंकोला हरवून तिने डब्ल्यूटीए एकेरीचं विजेतेपद मिळवलं. असं करणारी ती पहिली भारतीय स्त्री. मार्चमध्ये दुबईत तिने अमेरिकन ओपनची विजेती स्वेतलाना कुझनेत्सोवा हिला ६-४, ६-२ असं हरवलं, तेही घोटा दुखावलेला असताना. सप्टेंबरात ती अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत पोचली. तिथे मारिया शारापोव्हाने तिला सहज हरवलं. वर्षअखेर जागतिक क्रमवारीत ती ३१ वी होती आणि डब्ल्यूटीएने तिला वर्षातली सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरवलं.

टेनिसच्या हिशेबात ही उत्तम सुरुवात होती. लोकांच्या हिशेबात तो कळस होता. नाकातली बारीक रिंग, चष्मा, इंग्रजीतून चुरचुरीत वाक्यं लिहिलेले टी-शर्ट आणि मागचापुढचा विचार न करता हाणलेला फोरहँड, हे सगळं एकदम आवडून गेलं. तशा रिंगा मुलींनी सराफांकडे मागून घेतल्या. टेनिस कधी न पाहिलेल्या घरांत टायब्रेक म्हणजे काय याची चर्चा सुरू झाली. 'टाइम' साप्ताहिकाच्या आशियाई आवृत्तीने तिला आशियातल्या नायकांमध्ये गणलं. या मुलीला अजून पहिल्या तिसांतही जायचं होतं.

आणि तिच्याआधी या वाटेने कोणी गेलंच नव्हतं, असंही नाही. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री मुंबईची लीला राव. १९३४ साली पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेलविरुद्ध पहिला सेट गमावल्यावर तिने पुढचे दोन १०-८, ६-२ असे घेतले. तिच्या आई पंडिता क्षमा राव, पुण्यात जन्मलेल्या, संस्कृतात काव्य लिहिणाऱ्या आणि स्वतःही टेनिस खेळणाऱ्या. संस्कृत काव्य आणि टेनिस एकाच घरात, हा योग मुंबईतच जुळायचा! पुढे निरुपमा मांकड आल्या, अशोक मांकड यांच्या पत्नी, विनू मांकड यांच्या सूनबाई. १९७१ साली आनंद अमृतराज यांच्याबरोबर त्या विम्बल्डनची मिश्र दुहेरी खेळल्या. १९९८ मध्ये कोइमतूरच्या निरुपमा वैद्यनाथनने ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत एक सामना जिंकला. या तिघींना मान मिळाला, पण हमरस्त्यावरच्या होर्डिंगवर कोणी झळकली नाही. सानियाच्या वेळी देशात वाहिन्या होत्या, जाहिरातींचा पैसा होता आणि क्रिकेटबाहेरचा एक तरी चेहरा हवाच अशी घाई होती.

चेहरा मिळाला की त्याच्यावर सगळ्यांचा हक्क सुरू होतो. तिच्या स्कर्टच्या लांबीवर धर्मगुरू बोलले आणि २००५ च्या सप्टेंबरात कोलकात्याच्या स्पर्धेत तिच्याभोवती पोलिसांचं कडं उभं राहिलं. २००८ च्या सुरुवातीला हॉपमन कपमधल्या एका छायाचित्रावरून राष्ट्रध्वजाच्या अवमानाचा वाद उठला. त्याच वर्षी तिने बंगळूरच्या स्पर्धेत खेळायचं नाकारलं. भारतात खेळलं की काहीतरी उकरून काढलं जातं, हे तिचं कारण होतं. घरच्या मैदानावर खेळायला नको वाटावं, ही एका खेळाडूवर आलेली फार वाईट वेळ. २०१० मध्ये शोएब मलिकशी लग्न झालं तेव्हा वाहिन्या कित्येक दिवस तिच्या दारातून हलल्या नाहीत. २०१४ मध्ये नव्या तेलंगणाने तिला सदिच्छादूत नेमलं तर एका आमदाराने तिला 'पाकिस्तानची सून' म्हटलं. आपण मरेपर्यंत भारतीयच राहू, हे तिला पुन्हा एकदा सांगावं लागलं.

या सगळ्यात तिच्या मनगटाकडे कोणाचं लक्ष होतं?

सानियाचा फोरहँड ज्या मनगटातून निघायचा तेच आधी दगा देऊ लागलं. २७ ऑगस्ट २००७ ला ती एकेरीत जगात २७ वी होती. २००८ मध्ये उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. बीजिंग ऑलिंपिकमध्ये दुखण्यामुळे तिने सामना अर्ध्यावर सोडला. गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया आधीपासूनच चालू होत्या. तिच्या खेळात उणिवाही होत्या आणि त्या कौतुकाच्या पुरात झाकल्या गेल्या होत्या: दुसरी सर्व्ह हलकी, कोर्टवरची धाव मध्यम. एकेरीत अख्खं मैदान एकटीने सांभाळायचं असतं आणि प्रतिस्पर्धी नेमका तिथेच घाव घालतो. २०१२ नंतर तिने एकेरी सोडली.

इथे बहुतेकांनी तिचं टेनिस संपलं असं धरलं. एकेरी म्हणजे खरं टेनिस, दुहेरी म्हणजे उतारवयातली सोय, हा आपला समज. त्याच समजाने लिअँडर पेस आणि महेश भूपती यांच्या जगज्जेत्या जोडीतही आपल्याला खेळापेक्षा भांडण जास्त पाहायला आवडलं. त्या भांडणाची झळ सानियालाही बसली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी कोणाला कोणाबरोबर खेळवायचं यावरून टेनिस संघटनेने जो घोळ घातला, त्यात एका नाराज ज्येष्ठ खेळाडूची समजूत काढण्यासाठी आपल्याला आमिषासारखं वापरलं गेलं, असं तिने जाहीर निवेदनातच लिहिलं. भारतीय क्रीडा संघटनांना उद्देशून एका चालू खेळाडूने इतकं स्पष्ट लिहिल्याची उदाहरणं फार नाहीत.

दुहेरीचं गणितच निराळं. चौघी कोर्टवर असतात, चेंडू फार वेळ खेळात राहत नाही, एक चूक झाली की जाळ्याजवळ उभी असलेली तिथल्या तिथे निकाल लावते. आपल्या सर्व्हपेक्षा समोरच्या सर्व्हचं उत्तर कसं देता, याला इथे जास्त किंमत. सानियाचा परतीचा फटका जगातल्या उत्तम फटक्यांपैकी होता. धावायचं मैदान निम्मं झालं, सर्व्हची उणीव जोडीदारणीने झाकली आणि फोरहँड तेवढा शिल्लक राहिला. खेळातलं खरं शहाणपण तिने इथे दाखवलं. आपण काय करू शकत नाही हे पंचविशीत ओळखून, जे येतं त्याच्याभोवती नवी कारकीर्द उभारायला मन मोठं लागतं.

मिश्र दुहेरीची तीन ग्रँड स्लॅम विजेतेपदं तिने जिंकली: भूपतीबरोबर २००९ चं ऑस्ट्रेलियन आणि २०१२ चं फ्रेंच, ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेसबरोबर २०१४ चं अमेरिकन. पण शिखर पुढे होतं. मार्च २०१५ मध्ये तिने मार्टिना हिंगिसशी जोडी जमवली. हिंगिस एके काळी एकेरीत जगात पहिली, जाळ्याजवळ पुढचे दोन फटके आधीच वाचणारी. मागून सानियाचा तोफखाना. इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन अशा ओळीने तीन स्पर्धा त्यांनी जिंकल्या. १३ एप्रिल २०१५ ला सानिया दुहेरीत जगात पहिली झाली. त्या जागेवर ती एकूण ९१ आठवडे होती.

जुलैमध्ये विम्बल्डनची अंतिम फेरी. समोर एकाटेरिना मकारोवा आणि एलेना व्हेस्निना. पहिला सेट ५-७ असा गेला, दुसरा टायब्रेकवर आला, तिसऱ्यात २-५ अशी पिछाडी. रशियन जोडीच्या तोंडाशी आलेला घास होता तो. तिथून सानिया-हिंगिसने ५-५ अशी बरोबरी केली आणि उजेड गेला म्हणून खेळ थांबवून सेंटर कोर्टचं छत बंद करण्यात आलं. पुन्हा खेळ सुरू झाला तो दोनच गेमसाठी, ७-५. महिला दुहेरीचं ग्रँड स्लॅम जिंकणारी सानिया पहिली भारतीय ठरली. मग अमेरिकन ओपन, सिंगापूरची वर्षअखेरची स्पर्धा, जानेवारी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन. या जोडीने लागोपाठ ४१ सामने जिंकले.

एकेचाळीस! क्रिकेटमध्ये सलग एवढे सामने कोणी जिंकले असते तर आपण सुट्टी मागितली असती.

या काळात सानियाला खेलरत्न मिळालं, पद्मभूषण मिळालं, पहिल्या पानावर फोटोही आले. पण २००५ चा तो ताप पुन्हा चढला नाही. कारण दुहेरीचा सामना अख्खा पाहिलेले लोकच मुळात थोडे. जगभर हीच तऱ्हा आहे, आणि ती पैशातही दिसते: २०१५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेतीला १८ लाख ८० हजार पौंड होते आणि महिला दुहेरीच्या विजेत्या जोडीला, दोघींत मिळून, ३ लाख ४० हजार. तिसऱ्या फेरीत हरलेल्या मुलीला देशाने डोक्यावर घेतलं आणि जगात पहिल्या आलेल्या बाईची बातमी वाचून पान उलटलं, याचं मूळ तिथेही आहे.

अर्थात जिच्यासाठी लोकांना असा ताप कधी चढलाच नाही, अशीही कारकीर्द असते. टेनिसपटू गौरव नाटेकरचं उदाहरण घरचंच आहे. सांगलीत जन्मलेले बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर १९६१ साली अर्जुन पुरस्काराच्या पहिल्याच तुकडीत होते. त्यांच्या मुलाने रॅकेट बदलली आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत दोन सुवर्णपदकं आणली, एक सांघिक आणि एक लिअँडर पेसबरोबर दुहेरीत. १९९६ साली त्यालाही अर्जुन पुरस्कार मिळाला. वडील-मुलगा दोघेही अर्जुनवीर, तेही दोन निरनिराळ्या खेळांत, आणि नेरूळ-वाशीतल्या दहा क्रीडाप्रेमींना विचारलं तर किती जणांना हे सांगता येईल? त्याच्या नशिबी सानियासारखा छळ आला नाही हे खरं. पण कोणी ओळखत नाही तेव्हा प्रायोजकही ओळखत नाही, आणि टेनिस हा स्वतःच्या खर्चाने जग फिरायचा खेळ आहे. पगार नाही, संघ नाही. विमानाचं तिकीट, हॉटेल, प्रशिक्षक, रॅकेटच्या तारा, सगळं आपलं, आणि पहिल्या फेरीत हरलात तर मिळालेल्या रकमेत तिकीटही निघत नाही. म्हणून सानियाची लोकप्रियता नुसता जाच होती असं म्हणणं अर्धवट ठरेल. त्याच लोकप्रियतेच्या पैशावर ती शस्त्रक्रियांनंतर पुन्हा उभी राहू शकली.

२०१८ च्या ऑक्टोबरात मुलगा झाला. जानेवारी २०२० मध्ये ती होबार्टला परतली आणि नादिया किचेनोकबरोबर पहिल्याच स्पर्धेत विजेती ठरली. पुढे महामारीने खेळच थांबवला. जानेवारी २०२३ मध्ये रोहन बोपण्णाबरोबर ती ऑस्ट्रेलियन ओपनच्या मिश्र दुहेरीची अंतिम फेरी खेळली. चौदाव्या वर्षी मिश्र दुहेरीत तिचा पहिला जोडीदार हाच बोपण्णा होता. ब्राझीलच्या लुइझा स्टेफानी आणि राफाएल माटोस यांनी त्यांना ६-७, २-६ असं हरवलं. बोलताना सानियाचा आवाज दाटून आला. मुलासमोर ग्रँड स्लॅमची अंतिम फेरी खेळायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं, हे ती रॉड लेव्हर अरीनावर सांगत होती. २००५ मध्ये सेरेनाविरुद्ध याच मेलबर्नमध्ये सुरुवात झाली होती. ग्रँड स्लॅम सहा, दुहेरीची विजेतेपदं ४३, हा हिशेब बंद झाला.

वर्षभराने, जानेवारी २०२४ मध्ये, बोपण्णा त्रेचाळिसाव्या वर्षी दुहेरीत जगात पहिला झाला आणि त्याने ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी सानियाच्या घटस्फोटाची बातमी आली होती. मोबाईलवर जास्त काय वाचलं गेलं असेल, याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको.

इकडे महिला क्रिकेट मात्र गाजत राहिलं. बंगळूरच्या मुलींनी २०२४ मध्ये वुमेन्स प्रीमियर लीग जिंकली, दिल्लीत, स्मृतीच नेतृत्व करत होती. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरूळच्या त्याच डी. वाय. पाटीलवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिलांचा विश्वचषक उचलला. स्टेडियम तुडुंब होतं, आणि या वेळी लोकप्रियता आणि कर्तृत्व एकाच रात्री, एकाच मैदानावर भेटले. क्रिकेटमागे मंडळ आहे, पैसा आहे, गावोगावची मैदानं आहेत. एक स्मृती थकली तर दुसरी तयार असते. टेनिसमध्ये सानियाच्या नावावर आलेल्या लाटेतून असं काही बांधलं गेलं नाही. पुण्याच्या बालेवाडीत पुरुषांची एटीपी स्पर्धा २०१८ ते २०२३ होती, ती पुढे हाँगकाँगला गेली. क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये २०१७ ला महिलांची मुंबई ओपन झाली, तेव्हाची विजेती आर्यना सबालेन्का पुढे जगात पहिली झाली. ती स्पर्धा मधली काही वर्षं बंद पडून २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. आणि सानियाखेरीज एकही भारतीय स्त्री एकेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात आजवर पोचलेली नाही.